हेमलॉक आणि त्याला लागणारी पांढरी कीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया या भागांत घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या आवारात बरेचदा दोन-चार जुनी हेमलॉकची झाडं असतात. त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ६, १० आणि ११ आधी वाचा.

१. हेमलॉक म्हणजे सॉक्रेटिसला दिलेलं विष ना? मुलं झाडाखाली खेळतात, काही धोका?

नाही. ते विष गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या एका रोपाचं. आवारातला हेमलॉक हा पाइन-स्प्रूसच्या कुळातला सूचिपर्णी वृक्ष आहे आणि तो विषारी नाही. दोघांत फक्त नाव सारखं. मात्र विषारी हेमलॉकचं रोपटं अमेरिकेत रस्त्याकडेला, पडीक जागेत उगवतं. पांढऱ्या छत्रीसारखी फुलं आणि खोडावर जांभळे ठिपके असलेलं रोप दिसलं तर त्याला हात लावू नका.

२. आमचं झाड हेमलॉकच आहे हे कसं ओळखायचं? इथे सगळीच झाडं ख्रिसमस ट्रीसारखी दिसतात.

एक डहाळी हातात घेऊन उलटी करा. हेमलॉकच्या सुया चपट्या आणि जेमतेम अर्धा इंच लांब असतात आणि प्रत्येक सुईच्या पाठीवर दोन बारीक पांढऱ्या रेघा असतात. सुई डहाळीला बारीक देठाने जोडलेली असते. स्प्रूसची सुई चौकोनी आणि टोचरी, बोटांत धरून फिरवता येते; हेमलॉकची चपटी सुई फिरत नाही. पाइनच्या सुया झुबक्याने येतात. यूच्या सुयाही चपट्या असतात, पण त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रेघा नसतात आणि त्याला लाल फळं धरतात. हेमलॉकची शंकू-फळं पाऊण इंचाची, फांदीच्या टोकाला लोंबणारी असतात. झाडाचा शेंडाही सरळ उभा न राहता एका बाजूला किंचित झुकलेला असतो.

पूर्वेकडे दोन जाती आहेत. सगळीकडे आढळतो तो ईस्टर्न हेमलॉक, आणि दक्षिण ॲपलाचियन डोंगरांत थोड्या भागात कॅरोलायना हेमलॉक. कीड दोघांनाही मारते.

३. फांद्यांच्या खालच्या बाजूला कापसाचे बारीक गोळे चिकटलेत. हे काय आहे?

गोळे सुईच्या बुडाशी, म्हणजे सुई डहाळीला जिथे जुळते तिथे ओळीने बसले असतील, तर ती हेमलॉकची लोकरी कीड. इथे तिला वूली ॲडेलजिड म्हणतात. ती माव्याची चुलत बहीण म्हणावी अशी आहे. कापूस म्हणजे तिच्या अंगातून निघणारं मेण. त्याच्या आत मादी आणि तिची अंडी असतात.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. कोळ्याच्या अंड्यांची पिशवी एकटीदुकटी असते, ओळीने नसते. थुंकीसारखा ओला फेस दिसला तर तो एका निरुपद्रवी किड्याचा. आणि वरच्या पाइनवरून गळलेला डिंक वाळून पांढरा दिसतो, पण तो नखाने खरवडला की कडक लागतो.

४. ही कीड आली कुठून, आणि इथलीच झाडं का मरतात?

दक्षिण जपानमधून. पूर्व अमेरिकेत ती १९५१ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ पहिल्यांदा नोंदली गेली. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये ती २००२ साली सापडली. आज ती जॉर्जियापासून मेनपर्यंत आणि पुढे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे.

जपानी हेमलॉक या किडीसोबत हजारो वर्षं राहिला. तिथे तिला खाणारे कीटक आहेत आणि झाडही तग धरतं. पूर्व अमेरिकेतल्या झाडांकडे यांतलं काहीच नव्हतं. शिवाय इथल्या किडीत सगळ्या माद्याच आहेत आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे एक जरी पिल्लू वाऱ्याने किंवा चिमणीच्या पायाला चिकटून आलं, तरी नवं कुटुंब उभं राहतं.

५. वर्षभरात ही कीड कधी काय करते? कुठल्या महिन्यात बघायचं?

हे चक्र आपल्याकडच्या किडींच्या अगदी उलट आहे. ही कीड थंडीत खाते आणि उन्हाळ्यात झोपते. म्हणून उन्हाळ्यात झाड पाहून "सगळं ठीक आहे" म्हणणारे फसतात.

वर्षाला दोन पिढ्या होतात. हिवाळी पिढी ऑक्टोबरच्या सुमारास जागी होते, थंडीभर रस शोषते, अंगावर कापूस चढवते आणि फेब्रुवारी-मार्चपासून अंडी घालू लागते. एक मादी ३०० पर्यंत अंडी घालू शकते. एप्रिलमध्ये त्यांतून रांगती पिल्लं निघतात आणि सुईच्या बुडाशी सोंड खुपसून बसतात. ही वसंतातली पिढी जूनपर्यंत मोठी होऊन अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्लं नव्या कोवळ्या डहाळ्यांवर जागा धरतात आणि तिथेच ऑक्टोबरपर्यंत निपचित पडून राहतात. भिंगाखाली ती खसखशीहूनही लहान, काळी, कडेला पांढरी झालर असलेली दिसतात.

कापूस सगळ्यांत ठळक दिसतो तो नोव्हेंबर ते मे. महिन्यातून एकदा, हात पोचेल अशा पाच-सहा फांद्या झाडाच्या चारही बाजूंनी उलट्या करून बघा. वाऱ्याने पडलेल्या शेंड्याकडच्या डहाळ्याही उचलून तपासा, कारण लागण बरेचदा वरून सुरू होते आणि खालच्या फांद्या तेव्हा स्वच्छ असतात.

६. कापूस जिवंत किडीचा आहे की जुना, हे कसं कळणार?

मेल्यानंतरही कापूस वर्षभर आणि कधी जास्तही फांदीला चिकटून राहतो. त्यामुळे नुसता कापूस दिसणं पुरेसं नाही. मार्च-एप्रिलमध्ये एक गोळा नखाखाली चिरडा. नखावर तपकिरी-लालसर ओला डाग उमटला तर कीड जिवंत आहे. कोरडी पूड निघाली तर मेलेली.

दुसरी खूण डहाळीच्या वयाची. फांदीचं टोक म्हणजे गेल्या मोसमातली वाढ, त्यामागचा भाग त्याआधीच्या वर्षाचा. कापूस फक्त मागच्या, जुन्या भागावर असेल आणि टोकाची नवी वाढ स्वच्छ असेल, तर औषध लागू पडलंय. टोकावरही ताजा, पांढराशुभ्र कापूस असेल तर नाही. एकाच फांदीवर वीसेक गोळे चिरडून बघा, दोन-तीनवरून निष्कर्ष काढू नका.

७. कापूस नाही, पण सुया पिवळ्या पडून गळतायत आणि पाठीवर तपकिरी ठिपके आहेत. ही तीच कीड का?

ही दुसरी: लांबट खवले कीड. तीही जपानची. अमेरिकेत ती १९०८ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये दिसली. लोकरी कीड डहाळीला, सुईच्या बुडाशी बसते, तर खवले कीड सुईच्याच पाठीवर. माद्या तपकिरी, लांबट, चपट्या. नरांच्या खवल्यांवर पांढरं मेण असतं, त्यामुळे पाठीवर पांढुरका लेप आल्यासारखं वाटतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लोकरी किडीवरचं नेहमीचं औषध, इमिडाक्लोप्रिड, खवले किडीवर चालत नाही. ते घालून वर्षभर वाट पाहत बसलेल्यांच्या झाडावर खवले वाढतच राहतात. तिथे डायनोटेफ्युरॉन हे दुसरं औषध किंवा हॉर्टिकल्चरल ऑइल (झाडांवर फवारायचं शुद्ध केलेलं तेल) लागतं; त्यांची माहिती प्रश्न १० आणि १५ मध्ये. दोन्ही किडी एकाच झाडावर असणं नवलाचं नाही, म्हणून औषध ठरवण्याआधी डहाळी आणि सुई दोन्ही भिंगाने बघा.

सुया पिवळ्याऐवजी राखाडी-पांढुरक्या, ठिपकेदार दिसत असतील तर कोळी (सुयांचा रस शोषणारी बारीक कोळीकीड) असू शकतो. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर चालणारे ठिपके दिसले की कोळी. इमिडाक्लोप्रिडनंतर काही झाडांवर कोळी वाढतो, तेव्हा त्याच औषधाचा आणखी डोस देऊ नका.

८. एवढीशी कीड, मोठं झाड. नुसता रस शोषून मरतं कसं, आणि किती वर्षांत?

ती पानातला रस पीत नाही. सोंड डहाळीत खोल घालून ती झाडाने साठवलेलं पिष्ट काढून घेते. ही झाडाची शिल्लक असते, वसंतात नवे कोंब याच शिलकीतून फुटतात. शिल्लक संपली की नवी वाढ थांबते. मग सुया राखट-हिरव्या होऊन गळतात, आणि खालच्या फांद्या वाळू लागतात.

बहुतेक झाडं ४ ते १० वर्षांत मरतात. काही जास्त टिकतात, दुष्काळ पडला तर लवकर जातात. अडचण ही की पहिली दोन-तीन वर्षं लांबून झाड बरं दिसतं. हिरवेपणा उतरला हे रस्त्यावरून कळू लागतं, तेव्हा निम्मी संधी हातची गेलेली असते.

९. यंदा कडाक्याची थंडी पडली. कीड मरून गेली असेल ना?

काही प्रमाणात. पारा उणे २० फॅरनहाइटच्या आसपास गेला तर बरीचशी कीड मरते. त्याहून सौम्य गारठ्यातही थोडीफार मरते, पण वाचलेल्या माद्या वसंतात भरपूर अंडी घालून जागा भरून काढतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच भागांत तेवढी थंडी आता क्वचितच पडते. थंडीमुळे एक वर्ष पदरात पडलं असं समजा आणि ते औषध घालण्यात वापरा.

१०. नेमकं औषध कोणतं?

मोठ्या झाडावर फवारणी पोचत नाही, म्हणून मुळातून किंवा खोडातून वर चढणारं आंतरप्रवाही औषध वापरतात. मुख्य दोन आहेत.

इमिडाक्लोप्रिड. महाराष्ट्रात शेती असलेल्या घरांना हे नाव कापसाच्या बीजप्रक्रियेमुळे ठाऊक असेल. ते पाण्यात कमी विरघळतं आणि मातीतल्या सेंद्रिय भागाला धरून राहतं, म्हणून झाडात सावकाश चढतं. लहान झाडात काही महिने लागतात, मोठ्यात वर्षही. पण एकदा चढलं की चार ते सात वर्षं टिकतं. झाडाच्या आत त्याचं जे रूपांतर होतं तेही किडीला मारक असतं, म्हणून असर इतका लांबतो.

डायनोटेफ्युरॉन. पाण्यात सहज विरघळतं, दोन-तीन आठवड्यांत शेंड्यापर्यंत पोचतं, आणि तितक्याच लवकर संपतं: एक-दोन वर्षं. सहज विरघळतं म्हणूनच ते भूजलात वाहून जाण्याची भीतीही जास्त.

झाड हिरवंगार आणि लागण नवी असेल तर फक्त इमिडाक्लोप्रिड पुरतं. झाड विरळ झालं असेल, किंवा खवले कीडही असेल, तर डायनोटेफ्युरॉन हवं. बऱ्याच आजारी झाडांवर अनुभवी लोक दोन्ही देतात: एक आज वाचवायला, दुसरं पुढची वर्षं सांभाळायला. लहान झाडं आणि कुंपणांसाठी तिसरा पर्याय तेलाचा, तो प्रश्न १५ मध्ये.

११. डोस कसा मोजायचा? बाटलीवर परीघ लिहिलंय, आर्बरिस्ट (झाडांची निगा राखणारा तज्ज्ञ) व्यासाबद्दल बोलतो.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शिंप्याची टेप घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाभोवती गुंडाळा. जो आकडा येईल तो परीघ, त्याला ३.१४ ने भागलं की व्यास.

समजा परीघ ३८ इंच आला. व्यास झाला साधारण १२ इंच. घरगुती वापराच्या १.४७ टक्के इमिडाक्लोप्रिडच्या द्रावणाचं नेहमीचं माप परिघाच्या दर इंचाला १ औंस, म्हणजे या झाडाला ३८ औंस. त्यात सक्रिय घटक येतो साडेसोळा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला सुमारे १.४ ग्रॅम. व्यावसायिक ७५ टक्क्यांच्या पुडीत, म्हणजे १.६ औंसाच्या पाकिटात, ३४ ग्रॅम सक्रिय घटक असतो. याच मापाने ती पुडी एकूण २४ इंच व्यासाला पुरते.

परिघाचं माप व्यासाला लावलं तर डोस तिपटीने कमी पडतो. उलट केलं तर तिपटीने जास्त होतो. साडेचार फुटांच्या खालीच खोडाला दोन-तीन फाटे असतील तर प्रत्येकाचं माप घेऊन बेरीज करा. आणि डबी हातात आली की आधी तिच्यावरचं लेबल वाचा. अमेरिकेत लेबल हाच कायदा असतो, वरचं उदाहरण फक्त हिशेब समजण्यासाठी आहे.

१२. आळवणी, म्हणजे बुंध्याभोवती मातीत औषधाचं पाणी ओतणं, करायची पद्धत नीट सांगा.

वेळ: एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. माती ओलसर हवी. गोठलेली, पाणी साचलेली किंवा भेगाळलेली नको. कोरड्या मातीत मुळं पाणी ओढत नाहीत आणि औषध वरच पडून राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर कीडही झोपलेली असते.

बुंध्यापासून दीड फुटापर्यंतचा पालापाचोळा आणि मल्च बाजूला करून खाली उघडी माती दिसू द्या. ही पायरी टाळू नका. इमिडाक्लोप्रिड सेंद्रिय पदार्थाला चिकटतं, त्यामुळे पाल्यावर ओतलेलं औषध पाल्यातच अडकतं. जुन्या झाडाखाली सुयांचा थर तीन-चार इंच असतो. लागेल तर मातीची बारीक मेर करा, रोपाला आळं करतो तशी, म्हणजे द्रावण उताराकडे पळणार नाही.

मोजलेलं औषध बादलीत एक गॅलन पाण्यात मिसळा, झाड मोठं असेल तर पाणी वाढवा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट. बुंध्याला लागून चहूबाजूंनी सावकाश ओता आणि मुरू द्या. मग पालापाचोळा परत पसरा. पुढचे दहा-बारा दिवस पाऊस नसेल तर हलकं पाणी द्या. पण लगेच मुसळधार पाऊस येणार असेल तर त्या दिवशी काम करू नका.

ती बादली नंतर कशालाही वापरू नका. तिच्यावर मार्करने लिहून ठेवा.

१३. हे मी स्वतः करू शकतो का, की माणूस बोलवावा लागतो?

तुमच्या राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत इमिडाक्लोप्रिड आणि डायनोटेफ्युरॉन ज्या गटात येतात, त्या गटाचा बिगरशेती बाह्य वापर ३१ ऑक्टोबर २०२३ पासून घरमालकांना बंद आहे. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि मेरिलँडमध्येही आवारातल्या झाडांसाठी हे काम परवानाधारकानेच करायचं. पेनसिल्व्हेनियात घरगुती बाटल्या दुकानात मिळतात. पण शेजारच्या राज्यातून बाटली आणून न्यू जर्सीत ओतणं बेकायदा आहे.

परवानाधारकाला बोलावताना चार गोष्टी विचारा: औषधाचं नाव काय, दर इंचाला किती ग्रॅम, मातीत की खोडातून, आणि परवाना क्रमांक. "झाडासाठी खास टॉनिक" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. ही चार उत्तरं लिहून ठेवा, पुढच्या डोसच्या वेळी लागतात.

१४. आमच्याकडे हेमलॉकचं कुंपणच आहे, पंचवीस झाडं. सगळ्यांना एकदम घालू?

बहुधा नाही. इमिडाक्लोप्रिडला एकरी वर्षाला ०.४ पौंड सक्रिय घटकाची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे १८१ ग्रॅम. दर इंचाला १.४ ग्रॅम धरले तर एकरात साधारण १३० इंच व्यास बसतो. तुमचा प्लॉट पाव एकर असेल तर फक्त ३२ इंच. पंचवीस झाडं प्रत्येकी ४ इंचांची धरली तर झाले १०० इंच, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट.

मार्ग असा: सगळ्यांत मोठ्या किंवा सर्वांत जास्त लागण झालेल्या झाडांना यंदा आळवणी, बाकीच्यांवर तेलाची फवारणी, पुढच्या वर्षी पुढची तुकडी. औषध चार-सात वर्षं टिकत असल्याने ही पाळी जुळते. कुंपण आठ-दहा फुटांचंच असेल तर आळवणीचं नावही काढू नका, तेलच पुरेल.

१५. सासूबाई म्हणतात, कडुनिंबाचं तेल फवार. चालेल?

हात पोचेल एवढ्या झाडावर, होय. तेल किडीला गुदमरवून मारतं, पण ज्या किडीला ते लागलं तिलाच. आत झिरपत नाही, उरत नाही. म्हणून प्रत्येक डहाळी खालच्या बाजूनेही ठिबकेपर्यंत भिजली पाहिजे. तीस फुटी झाडावर घरच्या पंपाने ते होत नाही.

शुद्ध केलेलं हॉर्टिकल्चरल ऑइल कडुनिंबाच्या तेलापेक्षा जास्त भरवशाचं. कोंब फुटण्याआधी, मार्चच्या सुमारास, २ टक्के: एका गॅलनला ५ टेबलस्पून. वाढीच्या मोसमात १ टक्का: अडीच टेबलस्पून. ऑगस्ट-सप्टेंबरही चांगला काळ, कारण तेव्हा पिल्लं कापसाविना उघडी असतात. मे-जूनमधल्या पोपटी कोवळ्या कोंबांवर मारू नका, करपतात. ९० फॅरनहाइटच्या वर किंवा गोठण्याची शक्यता असताना मारू नका. शेजारी निळा स्प्रूस असेल तर तो झाका, तेलाने त्याची निळाई धुऊन जाते.

भारतातून आणलेलं घाण्यावरचं कडुनिंबाचं तेल भांड्यांच्या साबणात घुसळून फवारू नका. प्रमाण कळत नाही आणि सुया भाजतात.

१६. झाड अशक्त झालंय, खत घालून ताकद देऊ?

नका. किमान कीड मरेपर्यंत तरी नका. नत्र मिळालं की झाडाआधी किडीचं पोषण होतं आणि तिची अंडी वाढतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. गोमूत्र, जीवामृत, लॉनचं खत, सगळ्यालाच हे लागू. लॉनवाला खत टाकत असेल तर त्याला हेमलॉकच्या फांद्यांच्या घेराबाहेर राहायला सांगा.

ताकद द्यायची तर पाणी द्या. हेमलॉकची मुळं वरवर पसरतात, त्यामुळे कोरड त्याला सोसत नाही. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला एक इंच पाणी, आणि बुंध्याला न टेकणारा दोन-तीन इंचांचा मल्च.

१७. मधमाश्यांना आणि झाडाखालच्या भाजीला काय?

हेमलॉकचं परागण वाऱ्याने होतं, मधमाश्या त्याच्यावर मधासाठी येत नाहीत. धोका असतो तो झाडाखालच्या फुलझाडांना, कारण आळवणी केलेल्या मातीत त्यांचीही मुळं असतात आणि औषध त्यांच्या परागात उतरतं. बुंध्याच्या दोन-तीन फुटांत ऱ्होडोडेंड्रॉन, होस्टा असं काही फुलत असेल तर मातीऐवजी खोडातून औषध द्यायला सांगा.

तीच गोष्ट भाजीची. हेमलॉकच्या सावलीत अळू छान येतं म्हणून पुष्कळजण लावतात. आळवणी करायची असेल तर अळू आधी हलवा, आणि त्या जागी पुन्हा खायचं काही लावू नका.

१८. घरामागे ओढा आहे. मग?

ओढ्याकाठी मातीत ओतू नका. ही औषधं पाण्यातल्या कीटकांना फार थोड्या प्रमाणातही मारतात, आणि त्यांच्यावर ट्राउट मासे जगतात. तिथे खोडात इंजेक्शन हाच मार्ग. महाग पडतं, प्रत्येक छिद्राची जखम झाडाला भरून काढावी लागते, पण औषध मातीत जात नाही. उथळ विहीर, रेताड माती किंवा वर आलेलं भूजल असेल तरी हाच नियम.

ओढ्याकाठचे हेमलॉक वाचवण्यासारखे आहेत. त्यांच्या दाट सावलीमुळे पाणी थंड राहतं आणि ब्रूक ट्राउटला थंडच पाणी लागतं.

१९. औषध घालून सहा महिने झाले, कापूस तसाच आहे. पुन्हा घालू?

आधी प्रश्न ६ ची नखाची परीक्षा करा. बरेचदा तो मेलेल्या किडीचा जुना कापूस असतो. इमिडाक्लोप्रिड दिलं असेल आणि खोड दीड-दोन फूट व्यासाचं असेल, तर पूर्ण वर्ष थांबा. मे महिन्यात टोकाला पोपटी कोंब फुटले तर झाड मार्गी लागलं.

वर्षानंतरही नव्या वाढीवर जिवंत कीड असेल तर कारण सहसा यांपैकी एक निघतं: परीघ-व्यासाचा घोळ, पाल्यावर ओतणं, कोरडी माती, किंवा सुया इतक्या गळल्या की झाड पाणीच वर ओढत नाही. शेवटचं असेल तर इमिडाक्लोप्रिड पुन्हा घालून उपयोग नाही, डायनोटेफ्युरॉनकडे वळा.

२०. निम्मं झाड वाळलंय. वाचेल का?

निम्म्याहून जास्त सुया शाबूत असतील तर प्रयत्न जरूर करा. निम्म्याच्या आसपास असेल तर डायनोटेफ्युरॉन लगेच, पाणी नियमित, आणि दोन वर्षं धीर. पूर्ण उघड्या पडलेल्या जुन्या फांद्या पुन्हा भरत नाहीत. नवी वाढ जिवंत टोकांवरून आणि उरलेल्या डोळ्यांतून येते, त्यामुळे झाड वाचलं तरी आकार बदलतो. पार वाळलेल्या फांद्या खुशाल काढा, हिरव्या छाटू नका.

सुतार पक्ष्यांनी खोडाची साल सोलली असेल आणि बुंध्याशी लालसर सालीच्या चिपांचा ढीग पडला असेल, तर आत हेमलॉक बोरर शिरलाय. तो मरणाच्या वाटेवरच्या झाडालाच धरतो. असं झाड घराच्या किंवा गाडीच्या बाजूला असेल तर उतरवून घ्या, वाळलेला हेमलॉक ठिसूळ होतो.

२१. उसावरचा लोकरी मावा मित्रकीटकांनी आटोक्यात आला. इथे तसं का करत नाहीत?

करतात, पण परिस्थिती वेगळी आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर पांढरा लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे त्याचे शत्रू शेतातच वाढले, शेतकऱ्यांनी ते एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले. शिवाय ऊस दरवर्षी नवा फुटतो. हेमलॉकला शंभर वर्षं लागतात, आणि पूर्व अमेरिकेत या किडीचा एकही तगडा शत्रू नव्हता.

म्हणून बाहेरून आणले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लारिकोबियस नायग्रिनस हा छोटा काळा भुंगा २००३ पासून सोडला जातो, जपानमधला लारिकोबियस ओसाकेन्सिस २०१२ पासून. हे थंडीत जागे असतात, जेव्हा कीड जागी असते. अळ्या वसंतात अंडी खातात. बऱ्याच जंगलांत ते स्थिरावले आहेत, पण किडीच्या वसंतातल्या पिढीला ते हात लावत नाहीत, म्हणून त्यांच्या जोडीला पश्चिमेकडच्या चंदेरी माश्याही सोडल्या जात आहेत. जंगलात हे काम दशकांचं आहे. काही झाडं औषधाने जगवायची, काही मित्रकीटकांसाठी राखायची, असं दोन्ही एकत्र चालतं.

आवारातल्या चार झाडांसाठी मित्रकीटकांवर विसंबू नका. आणि बागेच्या दुकानातले लेडीबग आणू नका, ते दोन दिवसांत उडून जातात.

२२. आमच्या झाडांना अजून काही नाही. येऊ नये म्हणून काय करू?

पक्ष्यांचा फीडर हेमलॉकवर किंवा जवळ टांगला असेल तर एप्रिल ते ऑगस्ट काढून ठेवा. रांगती पिल्लं पक्ष्यांच्या पायाला चिकटून येतात. लागण झालेल्या जंगलातून ट्रेक करून आलात तर घरच्या झाडांत शिरण्याआधी कपडे झटका. फांद्या रस्त्यावर, गाडीवर किंवा पायवाटेवर येत असतील तर छाटून घ्या. नर्सरीतून रोप घेताना डहाळ्या उलट्या करून बघा. मेन, मिशिगनसारख्या राज्यांत बाहेरून हेमलॉकची रोपं आणण्यावर निर्बंध आहेत.

आसपासच्या दोन-चार मैलांत कीड असेल तर आगाऊ औषध देण्यात अर्थ आहे. नसेल तर फक्त थंडीतली तपासणी, प्रश्न ५ प्रमाणे.

२३. शेजाऱ्याच्या झाडावर कापूस आहे आणि तो काही करत नाही.

तुमच्या झाडात औषध असेल तर त्याच्याकडून आलेली पिल्लं तुमच्याकडे बसतील आणि मरतील. त्यामुळे भांडणाची गरज नाही. मात्र तेलावर अवलंबून असाल तर दरवर्षी फवारावं लागेल. बहुतेकांना हे काय आहे तेच माहीत नसतं, एक डहाळी आणि भिंग घेऊन जा. एकाच परवानाधारकाला दोन्ही घरांसाठी बोलावलं तर येण्याचा खर्चही वाटला जातो.

२४. झाड गेलंच. त्या जागी पुन्हा हेमलॉक लावावा का?

ईस्टर्न हेमलॉक लावायचा तर चार-सहा वर्षांनी औषध द्यायची तयारी ठेवून लावा. चायनीज हेमलॉक या किडीला चांगलाच दाद देत नाही आणि काही नर्सऱ्यांत मिळतो. पश्चिम अमेरिकेतला हेमलॉकही तग धरतो, पण पूर्वेकडचा दमट उन्हाळा त्याला मानवत नाही. आपल्या हिमालयातही, उत्तराखंडपासून अरुणाचलपर्यंत, हेमलॉक आहे; न्यू जर्सीच्या थंडीत मात्र तो नाजूक ठरतो.

नुसता आडोसा हवा असेल तर ग्रीन जायंट थूजा लावा. उंच वाढतो, आणि हरणं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. हेमलॉकसारखी सावली सोसण्याची ताकद मात्र त्याच्यात नाही, त्यामुळे मोठ्या ओकखाली तो विरळ होतो.

२५. तोडलेल्या झाडाचं लाकूड आणि फांद्या कुठे टाकायच्या?

फांद्या आवारातच चिप करा किंवा तिथेच वाळू द्या. डहाळी वाळली की कीड उपाशी मरते. मार्च ते जुलै या काळात तोडणं टाळा, कारण तेव्हा अंडी आणि रांगती पिल्लं असतात आणि हिरव्या फांद्या ट्रकने नेताना ती वाटभर सांडतात. शक्य तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोडा. खोडाचं जळण फांद्या-सुया काढून टाकल्यावर जपून ठेवायला हरकत नाही, पण शेकोटीत हेमलॉकचं लाकूड फार तडतडतं आणि ठिणग्या उडवतं, तेव्हा जाळीशिवाय पेटवू नका.